श्टुटगार्टमधला पहिला आठवडा: मास्टर्स आणि इंटर्नशिपला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑगस्ट लागला की पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर सगळीकडून मेसेज यायला लागतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी इथे मास्टर्स करतेय आणि सोबत एका कंपनीत वेर्कश्टुडेंट म्हणजे पार्ट टाइम काम करते. ऑटोमोबाईलमुळे आपली खूप मुलं या शहरात येतात, बॉश, मर्सिडीज, पोर्शे, माले सगळे इथलेच, आणि मुंबई-श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरंही आहेत. बाकी जर्मनीत जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त फी, तिकीट आणि सुट्ट्या आपापल्या राज्याच्या बघून घ्या.

ताई, तिकीट काढतोय, कोणत्या तारखेला पोचू?

शनिवारी संध्याकाळी अजिबात पोचू नका. रविवारी इथे दुकानं बंद म्हणजे खरंच बंद, सुपरमार्केटसुद्धा, फक्त मोठ्या स्टेशनवरची आणि एअरपोर्टवरची काही चालू असतात. प्रवासानं थकून आलेले, खोलीत ना गादीवर चादर ना खायला काही, आणि बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशानं पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं. सोमवार ते बुधवार सकाळी किंवा दुपारी पोचणं सगळ्यात बरं.

३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते तेव्हाही सगळं बंद, आणि आपल्या राज्यात म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्गमधे १ नोव्हेंबरही सुट्टी. दुसरं म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे कानश्टाटची मोठी जत्रा असते, फोक्सफेस्ट, त्या काळात हॉटेल आणि हॉस्टेलचे भाव चढलेले असतात, त्यामुळे तात्पुरती सोय करायची असेल तर ती आधीच बुक करा.

मुंबईहून बरेच जण फ्रँकफर्टला उतरतात. तिथे एअरपोर्टलाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं स्टेशन आहे, तिथून श्टुटगार्टला थेट गाडीनं सव्वा ते दीड तास लागतो. ठराविक गाडीचं स्वस्त तिकीट काढू नका, विमान लेट झालं किंवा इमिग्रेशनला रांग असली तर ते वाया जातं. थोडं महाग पडलं तरी कुठल्याही गाडीत चालणारं तिकीट घ्या.

पहिल्या आठवड्यात करायच्या कामांची यादी मिळेल का? युट्यूब बघून डोकं फिरलंय.

यादीपेक्षा क्रम कळणं महत्त्वाचं आहे. इथे सगळं पत्त्यावर अडतं. घर मिळालं की घरमालक एक सही केलेला कागद देतो की ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहतेय, याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. तो कागद, पासपोर्ट आणि भरलेला फॉर्म घेऊन ब्युर्गरब्युरोमधे (नागरिकांच्या कामांचं सरकारी ऑफिस) जायचं आणि पत्ता नोंदवायचा, ही आनमेल्डुंग. कायद्यानं ती घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांत करायची असते. तिथे नोंदणीचा दाखला मिळतो. मग काही आठवड्यांत तुमचा ११ आकडी टॅक्स आयडी पोस्टानं घरी येतो आणि तो मिळाला की कंपनीचा पगार नीट सुरू होतो. बऱ्याच बँकाही हा दाखला मागतात आणि पुढे रेसिडन्स परमिटलाही तोच लागतो.

म्हणजे पहिल्या आठवड्याचं खरं काम एकच, घरमालकाकडून तो कागद घेणं आणि ब्युर्गरब्युरोची अपॉइंटमेंट पक्की करणं. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे लवकरच्या तारखा भराभर संपतात, त्यामुळे घर पक्कं झालं की भारतातूनच बुक करून ठेवा, कोणी अडवत नाही. २ आठवड्यांच्या आतली तारीख नाहीच मिळाली तर घाबरू नका, मिळेल ती घ्या आणि कन्फर्मेशनचा ईमेल जपून ठेवा, आपण प्रयत्न केल्याचा तो पुरावा असतो. सकाळी लवकर वेबसाइट बघत राहा, लोक तारखा रद्द करतात तेव्हा मधल्या जागा निघतात.

बाकी जिम, फोनचा मोठा प्लॅन, आयकियाचं फर्निचर, शहर बघणं, हे सगळं दुसऱ्या आठवड्यात केलं तरी काही बिघडत नाही. मुलं नेमकं उलटं करतात आणि मग नोव्हेंबरमधे पगार का अडकला म्हणून विचारतात, म्हणून एवढं जीव तोडून सांगतेय.

अजून घरच मिळालं नाहीये. आधी हॉटेलमधे राहून मग शोधलं तर?

चालतं, पण हॉटेल किंवा थोड्या दिवसांच्या फ्लॅटवाले बहुतेक वेळा तो कागद देत नाहीत. त्यामुळे कोणाची खोली २-३ महिन्यांसाठी सबलेट घेत असाल तर भाडं विचारायच्या आधी "इथे आनमेल्डुंग होईल का" हे विचारा. नाही म्हणाले तर ती खोली कितीही छान असो, तुमच्या कामाची नाही.

श्टुडिरेंडनवेर्क म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची संस्था जी वसतिगृहं चालवते, तिथे अर्ज अ‍ॅडमिशन लेटर आल्या आल्या करा, वेटिंग मोठं असतं. युनिव्हर्सिटीच्या फायहिंगन कॅम्पसला लागून आलमांडरिंग, श्ट्राउसएकर अशी वसतिगृहं आहेत, तिथून लेक्चरला चालत जाता येतं. खाजगी खोलीसाठी डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, मूळ म्हणजे हीटिंग-पाणी वगळून.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं पाठवतो" असं कोणी म्हटलं की तिथेच थांबायचं. फोटो कितीही सुंदर असोत, पासपोर्टची कॉपी पाठवलेली असो, पैसे द्यायचे नाहीत. आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलेले पैसे असे गेले की परत मिळत नाहीत. इथे आधीपासून असलेल्या कोणालातरी जाऊन खोली बघायला सांगा, आपली मुलं जातात, कोणी नाही म्हणत नाही.

पत्रपेटीवर नाव लावायचं म्हणजे काय? खरंच एवढं महत्त्वाचं आहे?

हो, खूपच. इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, बऱ्याच बिल्डिंगमधे फ्लॅटला नंबरच नसतो. तो पेटीवरचं आडनाव बघतो आणि नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, कार्डाचा पिन (तो वेगळ्या पाकिटात येतो), इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पोस्टानं येतं. त्यामुळे खोलीत सामान टाकलं की पहिल्या तासात कागदाच्या पट्टीवर आडनाव ठळक अक्षरात लिहून, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून पेटीवर डकवा, म्हणजे पावसात शाई पसरत नाही. नंतर घरमालकाची छापील पाटी येईल तेव्हा येईल. बेलवरही लावा. एका फ्लॅटमधे दोन पाटील किंवा दोन शिंदे असाल (असतातच!) तर पुढे नावाचं पहिलं अक्षर घाला.

नावावरून आठवलं, आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून येतं ना, ते इथे तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टमधे जसं आहे तसंच लिहा, एका ठिकाणी वडिलांच्या नावासकट आणि दुसरीकडे त्याशिवाय असं केलंत तर बँक आणि इन्शुरन्सचं जुळत नाही.

आलेलं एकही पत्र फेकू नका. एक फाइल करा, तारखेनं लावा. पिवळं पाकीट आलं तर ते त्याच दिवशी उघडा, ते सरकारी असतं आणि पोस्टमन त्यावर तारीख लिहितो, मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

पैसे किती आणि कसे आणायचे? ब्लॉक्ड अकाउंटमधे तर आहेतच ना.

आहेत, पण ते पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च दाखवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवलेले असतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा हा), पण त्यासाठी इथलं साधं चालू खातं लागतं आणि त्याचा आयबॅन नंबर कळवून अकाउंट अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं. यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. त्यात पहिल्याच महिन्यात भाडं, डिपॉझिट, भांडी, गादी, तिकीट सगळं एकदम येतं. म्हणून फोरेक्स कार्डवर डिपॉझिट आणि दोन महिन्यांचं भाडं निघेल एवढी रक्कम वेगळी ठेवा आणि खिशात थोडे सुटे युरो रोख. बेकरीत, छोट्या टर्किश दुकानात अजूनही रोखीनंच भागतं.

काही ऑनलाइन बँका आनमेल्डुंगच्या आधीही खातं उघडून देतात, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून. ते चालतं.

फी विसरू नका, या राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सेमिस्टरपासून सेमिस्टरला १५०० युरो ट्यूशन फी आहे, "जर्मनीत शिक्षण फुकट" हे इथे लागू नाही. आणि आनमेल्डुंगनंतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. ती फसवणूक नाहीये, खरंच भरायचं असतं, पण ते माणशी नसून फ्लॅटमागे एक असतं. फ्लॅटमेट आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क भरण्याचा खाते नंबर कळवायचा आणि आपापसात वाटून घ्यायचं.

हेल्थ इन्शुरन्स भारतातून काढलाय, तेवढा पुरे ना?

ट्रॅव्हल इन्शुरन्स प्रवासाला आणि सुरुवातीच्या काही दिवसांना. युनिव्हर्सिटीत नाव नोंदवायला इथला हेल्थ इन्शुरन्स लागतो. ३० वर्षांच्या आत असाल तर सरकारी पद्धतीच्या कंपनीत (टेकनिकर, आओका, बार्मर वगैरे) विद्यार्थ्यांचा दर मिळतो, महिन्याला साधारण १५० युरोच्या आसपास. युनिव्हर्सिटीला ते थेट ऑनलाइन कळवतात. तीस ओलांडली असेल तर या दरात बसत नाही, त्यांनी निघायच्या आधीच चौकशी करा. आणि कार्डासाठी फोटो अपलोड करायचा असतो तो लगेच करा, त्याशिवाय कार्ड छापत नाहीत.

युनिव्हर्सिटीत पहिल्या आठवड्यात काय असतं? लेक्चर चुकवलं तर चालेल?

सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स मात्र महिन्याच्या मध्याला. मधले दिवस ओरिएंटेशनचे. त्याला जाच, तिथे जे मित्र भेटतात ते दोन वर्षं टिकतात, शिवाय सीनियर मुलं कोणता विषय कोणासोबत घ्यायचा ते मोकळेपणानं सांगतात.

हजेरी बहुतेक लेक्चर्सना घेत नाहीत, म्हणून आपल्याकडून आलेल्यांना वाटतं की चला निवांत. पण परीक्षेला ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, त्याची ठराविक मुदत असते, ती गेली की त्या सेमिस्टरला परीक्षा नाही, विनंतीअर्ज वगैरे भानगड चालत नाही. पहिल्याच आठवड्यात पोर्टलवर लॉगिन करून त्या तारखा कॅलेंडरमधे टाका आणि आपल्या कोर्सचे परीक्षेचे नियम वाचून काढा, किती वेळा नापास झालं की कोर्समधून बाहेर जावं लागतं ते त्यातच असतं. मार्क उलटे आहेत, १.० सगळ्यात भारी, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास.

लेक्चर संपल्यावर सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात, ती प्रोफेसरांना दाद असते. तुम्हीही करा.

इंटर्नशिप आणि पार्ट टाइम काम यात गोंधळ होतोय. किती तास करता येतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि यात चूक झाली तर व्हिसावर येतं, म्हणून नीट वाचा.

स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मार्च २०२४ पासून हा आकडा वाढलाय. त्याशिवाय वेर्कश्टुडेंट म्हणून विद्यार्थ्यांच्या सवलतीत राहायचं तर लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा, सुट्टीत जास्त करता येतं. अभ्यासक्रमातच सक्तीची असलेली इंटर्नशिप, म्हणजे फ्लिश्टप्राक्टिकुम, या १४० दिवसांत मोजली जात नाही. स्वतःहून केलेली ऐच्छिक इंटर्नशिप मात्र मोजली जाते. त्यामुळे तुमच्या कोर्सच्या नियमांत इंटर्नशिप सक्तीची आहे का आणि किती आठवड्यांची आहे, हे बघून युनिव्हर्सिटीकडून तसं पत्र घ्या. कंपनीची एचआर ते मागतेच.

पैशाचंही यावरच ठरतं. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, पण सक्तीच्या इंटर्नशिपला ते लागू नाही, आणि शिक्षण चालू असताना केलेल्या ३ महिन्यांपर्यंतच्या ऐच्छिक इंटर्नशिपलाही नाही. चांगल्या कंपन्या तरी देतात, पण कॉन्ट्रॅक्टमधे काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा.

आणि फ्रीलान्स काम, म्हणजे स्वतः बिल करून केलेलं वेबसाइट बनवणं असो की डिलिव्हरी, त्याला वेगळी परवानगी लागते. ती नसताना मित्र सांगतोय म्हणून सुरू करू नका.

कंपनीत पहिल्या दिवशी काय कागद न्यायचे?

पासपोर्ट-व्हिसा (व्हिसासोबत काम करण्याबद्दलचा जादा कागद दिला असेल तर तोही), युनिव्हर्सिटीचं बोनाफाइड, आयबॅन, इन्शुरन्स कंपनीचं सभासद पत्र, टॅक्स आयडी आणि सोशल सिक्युरिटी नंबर. शेवटचे दोन पहिल्या आठवड्यात नसतातच कोणाकडे, एचआरला स्पष्ट सांगा की आनमेल्डुंग झालीय किंवा अमुक तारखेला आहे, आले की देतो. त्यांना सवय असते. टॅक्स आयडी दिलाच नाही तर पगारातून जास्त टॅक्स कापला जाऊ शकतो, तो पुढे रिटर्न भरून परत मिळतो पण तोपर्यंत हातात पैसे कमी.

पगारपत्रक बघून दचकू नका. वेर्कश्टुडेंटच्या पगारातून पेन्शनचे ९.३ टक्के जातात. इन्कम टॅक्स २०२६ साठी वर्षाच्या १२,३४८ युरोंपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर नाही.

ऑफिसमधे वागायचं कसं? सर-मॅडम म्हणायचं का?

सर-मॅडम नाही. आडनावाला हेर किंवा फ्राउ लावायचं, आणि बऱ्याच टीममधे पहिल्याच दिवशी सांगतात की नावानं हाक मार, मग नावानं. तुम्ही स्वतःहून सुरू करू नका एवढंच. पहिल्या दिवशी कुणी ना कुणी सगळ्यांशी ओळख करून देईल, हात मिळवून स्वतःचं नाव सावकाश आणि स्पष्ट सांगा, ज्ञानेश्वरी किंवा हृषीकेश असं नाव असेल तर त्यांना दोनदा म्हणून दाखवा, ते मनापासून नीट उच्चारायचा प्रयत्न करतात.

दहाची मीटिंग म्हणजे नऊ छप्पन्नला जागेवर. उशीर होणार असेल तर आधी मेसेज, गाड्या लेट होतात हे त्यांनाही माहीत आहे, न कळवता उशिरा आलेलं आवडत नाही. ६ तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी कायद्यानं घ्यावीच लागते, ती न घेता काम करून इम्प्रेस करायला जाऊ नका, उलट टीम लीडला उत्तर द्यावं लागतं. संध्याकाळी उशिरापर्यंत बसण्याचंही तसंच.

सगळ्यात महत्त्वाचं, समजलं नसेल तर "समजलं नाही" म्हणा. आपल्याकडे मान डोलवून हो म्हणायची सवय असते, मोठ्यांसमोर परत विचारायला संकोच वाटतो, आणि मग दोन दिवस चुकीच्या दिशेनं काम होतं. इथे प्रश्न विचारणाऱ्या इंटर्नबद्दल चांगलं मत होतं, हे मी रोज बघते. दुसरीकडे त्यांनी "हे बरोबर नाही" असं तोंडावर सांगितलं तर ते कामाबद्दल असतं, तुमच्याबद्दल नाही, रडू नका.

गाड्यांच्या कंपन्यांमधे डेव्हलपमेंटच्या भागात जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. ते काढायचं नाही. आतला फोटो, स्क्रीनचा फोटो, स्टेटसला टाकलेला सेल्फी, काहीही नाही, यावर नोकरी जाते.

आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी कळवायचं. ३ दिवसांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, काही कंपन्या पहिल्या दिवसापासूनच मागतात, कॉन्ट्रॅक्टमधे असतं ते.

आई विचारतेय खायचं काय काय देऊ?

काकू, आधी काय देऊ नका ते सांगते. युरोपियन युनियनमधे बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर नाही. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्याही नाहीत. आणि विमान दुबईमार्गे असेल तर खसखस बिलकुल नको, मसाल्यातसुद्धा, तिकडे त्यावर कायद्यानं बंदी आहे आणि प्रकरण गंभीर होतं. घरच्या गोड्या मसाल्यात खसखस घालत असाल तर यावेळी वगळा.

द्या ते असं: गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, भाजणी, कुळथाचं पीठ, कोकम, हिंग, पापड. लोणचं चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. छोटा कुकर द्या पण इंडक्शनवर चालेल असा सपाट बुडाचा, इथे गॅस जवळपास नसतोच. एक शिट्टी आणि गॅस्केट जादा.

डाळ-तांदूळ देऊन वजन वाढवू नका. तूर डाळ, पोहे, साबुदाणा, कणीक भारतीय दुकानात मिळतं, कोथिंबीर, मिरच्या, भेंडी, छोले टर्किश दुकानात स्वस्त मिळतात, रवा तर साध्या सुपरमार्केटमधे असतो. तुपासाठी मीठ नसलेलं बटर आणायचं आणि मंद आचेवर कढवायचं, घरच्यासारखं रवाळ होतं. पिशवीवर ४०५ लिहिलेलं पीठ म्हणजे मैदा, पोळ्यांना ते घेऊ नका.

शाकाहारी मुलांची कॅन्टीनमधे सोय होते, रोज एखादा तरी पदार्थ असतो. इकडचे चीज घातलेले श्पेत्सले (अंडं घातलेल्या मऊ नूडल्स) चालत असतील तर नक्की खा. माउलटाशन मात्र मैद्याच्या पारीत बहुतेक वेळा मांस भरून असतं, विचारून घ्या.

होस्टेलमधे फोडणी केली तर अलार्म वाजतो म्हणे?

वाजतो. आणि काही ठिकाणी तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, विनाकारण गाडी आली तर खर्च तुमच्या नावावर येऊ शकतो. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी पूर्ण उघडी, वरचा एक्झॉस्ट चालू, मग मोहरी. दार कॉरिडॉरच्या बाजूनं उघडून धूर घालवायला जाऊ नका, तिथेच तर अलार्म असतो. मिरच्यांचा ठेचा करायचा तर दिवसा करा आणि फ्लॅटमेटना आधी सांगा, खोकून हैराण होतात बिचारे. मग त्यांना जेवायला बोलवा, सगळ्यात पटकन मैत्री अशीच होते.

थंडीतही दिवसातून दोन-तीनदा ५-१० मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि डिपॉझिट कापलं जातं.

बस-ट्रेनचं काय?

देशभर लोकल गाड्या-बस चालणारं डॉइचलांड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. २७ वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना या राज्यात त्याची स्वस्त आवृत्ती मिळते, युनिव्हर्सिटीत चौकशी करा. ही दोन्ही तिकिटं लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाहीत. स्टेशनवर गेट नाहीत म्हणून विनातिकीट बसू नका, साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि ६० युरो दंड आहे. कॅम्पसला जायला एस-बान म्हणजे लोकल ट्रेनच्या १, २, ३ नंबरच्या गाड्या, स्टेशनचं नावच युनिव्हर्सिटेट.

केअरवोखे, कचरा, बाटल्या... हे काय प्रकरण आहे?

केअरवोखे म्हणजे जिना आणि अंगण झाडायची पाळी, आठवड्याला एका घराची. दारावर पाटी टांगलेली दिसली की या आठवड्याची पाळी तुमची. श्टुटगार्टमधे हे लोक मनावर घेतात, शेजारच्या आजींशी संबंध चांगले राहायचे तर पाळी चुकवू नका. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नाही, रविवारी ड्रिल आणि व्हॅक्युमही नाही. कचरा कागद, ओला, पॅकिंगचा, बाकीचा असा वेगळा. पाण्याच्या आणि कोकच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट परत मिळतात, सुपरमार्केटमधे मशीन असतं. तसं नळाचं पाणी बिनधास्त प्या.

जर्मन फक्त ए१ लेव्हलपर्यंत झालंय. निभेल का?

कोर्स इंग्लिशमधे असेल तर युनिव्हर्सिटीत निभतं. ब्युर्गरब्युरोत बोलणं जर्मनमधेच होतं बहुतेकदा, कोणा सीनियरला सोबत न्या किंवा फॉर्म घरूनच भरून, अपॉइंटमेंटचा नंबर फोनवर उघडा ठेवून जा. आत शिरताना मोठ्यानं नमस्कार करायचा, इकडे "ग्र्युस गॉट" म्हणतात, तेवढ्यानंही समोरचा माणूस मऊ होतो. युनिव्हर्सिटीच्या भाषा वर्गांची नोंदणी पहिल्याच दिवसांत भरते, बी१ पर्यंत पोचलात तर इंटर्नशिपचे दरवाजे खूप उघडतात.

रात्री खूप एकटं वाटतं, हे सगळ्यांना होतं का?

होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेळेच्या फरकानं पण होतं, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तासांचा, त्यामुळे तुम्ही कामावरून सहाला मोकळे होता तेव्हा घरी साडेदहा वाजून आई झोपायला आलेली असते. म्हणून फोनची वेळ दुपारच्या जेवणाची ठेवा किंवा सकाळी चहा घेताना, रोज दहा मिनिटं पुरतात. नोव्हेंबरमधे पाच वाजता अंधार पडतो, तेव्हा संध्याकाळी खोलीत बसून राहू नका, लायब्ररीत जा, कोणाकडे तरी स्वयंपाकाला जा. दिवाळी नेमकी लेक्चर सुरू झाल्यावर येते आणि सुट्टी नसते, ती आम्ही इकडची मुलं मिळून करतो, नवीन आलेल्यांनी हक्कानं यायचं. आणि झोप लागत नाही, जेवण जात नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं तर श्टुडिरेंडनवेर्कचं समुपदेशन असतं, विद्यार्थ्यांसाठीच आहे ते, जा.

काही इमर्जन्सी आली तर? पासपोर्ट हरवला तर?

अ‍ॅम्ब्युलन्स आणि आग ११२, पोलिस ११०. रात्री किंवा रविवारी ताप आला, जिवावरचं नाहीये पण डॉक्टर हवाय, तर ११६११७. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग म्युनिकचा भारतीय कॉन्सुलेट, बाडेन-व्युर्टेमबर्ग त्यांच्याकडे येतं. पासपोर्ट, व्हिसा, अ‍ॅडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र यांच्या पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर आणि घरी एकाकडे ठेवा, आणि भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येणार आहेत. निघायच्या आधी त्यावर रोमिंग चालू करून एकदा मेसेज येतोय का ते बघा.